मेकॅनिकल डिप्लोमाची यंदाची बॅच: अप्रेंटिसशिप, कंत्राटी 'ट्रेनी' की थेट द्वितीय वर्ष?

तंत्रनिकेतन_६० (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवतो. सहाव्या सत्राला ६० मुलं-मुली आहेत, बहुतेक सातारा-सांगलीकडच्या गावांतली. निकाल लागल्यावर नेमकं काय करायचं, हे पालक रोज विचारतात. ज्यांचा रोजचा संबंध कारखान्याशी आहे त्यांच्याकडून नेमकी उत्तरं हवी आहेत.

समोर चार पर्याय आहेत. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांत नॅट्सची (केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेची) एक वर्षाची अप्रेंटिसशिप. त्याच भागातल्या पुरवठादार कंपन्यांत थर्ड पार्टी (ठेकेदाराच्या) पेरोलवर 'ट्रेनी', सीटीसी (कंपनीचा एका माणसावरचा एकूण खर्च) वर्षाला २.४ लाख. थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी. आणि चौथा म्हणजे सीएनसीचा (संगणकाने चालणाऱ्या मशिनचा) एखादा कोर्स करून मग नोकरी शोधणं.

प्रश्न असे:
१) विजेच्या गाड्या आल्या, आता मेकॅनिकलला भविष्य नाही, असं पालक ठामपणे म्हणतात. त्यांना काय सांगू?
२) अप्रेंटिसशिप आधी की कंत्राटी नोकरी आधी? याने पुढे खरंच फरक पडतो का?
३) छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला मोठे प्रकल्प येणार आहेत. मुलांनी त्यासाठी थांबावं का?
४) माझ्या हातात अजून तीन महिने आणि एक कार्यशाळा आहे. त्यात काय शिकवलं तर मुलाखतीत मुलगा उठून दिसेल?

---

स्पिंडल

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं बरीचशी त्यावरच ठरतात.

'डिप्लोमा मेकॅनिकल पाहिजे' अशी जागा आता जवळजवळ निघत नाही. जागा निघते ती सीएनसी सेटरची, व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशिन) प्रोग्रामरची, लाइन क्वालिटीची, मेंटेनन्सची, टूलरूमची. मशिन शॉपमध्ये तीन पायऱ्या असतात. ऑपरेटर जॉब (मशिनवर घडवायचा तुकडा) लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब काढतो. सेटर टूल लावतो, ऑफसेट घेतो, पहिला जॉब पास करून देतो. प्रोग्रामर ड्रॉइंगवरून प्रोग्राम आणि टूलिंग ठरवतो. ऑपरेटरची जागा रोबो आणि गँट्री लोडर हळूहळू खात आहेत, आणि तिथे माणूस बदलला तरी कंपनीचं काही अडत नाही. सेटर मिळत नाहीत. मुलगा ऑपरेटर म्हणून लागला तरी चालेल, पण वर्षाच्या आत सेटरच्या कामाला त्याचा हात लागला पाहिजे. नाहीतर पाच वर्षांनी तो त्याच मशिनपुढे उभा असतो आणि शेजारी त्याच्यापेक्षा स्वस्तात नवा मुलगा आलेला असतो.

सर, कार्यशाळेत एकच जॉब घ्या आणि तो पूर्ण पचवा: २५ एच७ चा बोअर (आतलं गोल भोक). म्हणजे व्यास २५.००० ते २५.०२१ मिमी, सगळा टॉलरन्स (चालणारा फरक) मिळून २१ मायक्रॉन, म्हणजे मिमीचे २१ हजारांश. या एका जॉबमध्ये मुलाखतीचे निम्मे प्रश्न येतात.

पहिला प्रश्न: हा बोअर कशाने मोजणार? दहातली सात मुलं व्हर्नियर म्हणतात. व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२, म्हणजे २० मायक्रॉन. जवळजवळ सगळा टॉलरन्स त्यातच संपला. उत्तर हवं डायल बोअर गेज, आणि तो २५ च्या रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या कडीवर) झीरो करून. रिंग नसेल तर मायक्रोमीटरवर सेट करता येतो, पण मायक्रोमीटरची स्वतःची चूक त्यात मिसळते. मुलाने हे आपणहून सांगितलं तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो.

दुसरा प्रश्न: बोअर २४.९९० आला, आता काय? मध्यावर आणायचा म्हणजे २५.०१०, फरक ०.०२०. लेथवर एक्स अक्ष व्यासात चालतो, म्हणून वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठी मशिनमध्ये भरायच्या दुरुस्तीत) एक्सला अधिक ०.०२० पूर्ण टाकायचे. इथे मुलं दोन चुका करतात. त्रिज्या समजून निम्मे टाकले तर बोअर २५.००० ला येऊन काठावर बसतो, अजून एक कट घेता येतो. पण 'व्यास आहे ना' म्हणून दुप्पट टाकले तर बोअर २५.०३० होतो आणि जॉब भंगारात जातो. बाहेरच्या व्यासालाही हिशोब तोच: मोठा आला तर वजा. हे फळ्यावर शिकवून उपयोग नाही. प्रत्येकाने पाच वेळा स्वतः ऑफसेट टाकून, जॉब काढून, मोजून वहीत लिहिलं पाहिजे.

तिसरा प्रश्न फार थोडे विचारतात, पण जे विचारतात ती चांगली कंपनी असते: जॉब मशिनमधून काढल्या काढल्या मोजला तर काय होतं? पोलाद दर मीटरला, दर अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर जवळजवळ ६ मायक्रॉन मोठा दिसतो. गरम असताना २५.००४ दाखवणारा बोअर थंड झाल्यावर २४.९९८ होतो. रात्रपाळीने 'ओके' म्हणून ठेवलेला ट्रे सकाळी रिजेक्ट निघतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सकाळी थंड मशिन थेट कटिंगला घेतली तरी पहिले काही जॉब साइजमध्ये सरकतात. पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल आणि अक्ष रिकामे फिरवून घ्यावेत.

शिवाय जी५४, जी४३, जी७१, जी८३ एवढे प्रोग्रामचे कोड आणि सीएनएमजी १२०४०८ हा इन्सर्टचा (टूलवर बसणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याचा) नंबर फोडून सांगता आला पाहिजे. शेवटचे ०८ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी. फीड (एका फेरीत टूल सरकतं ते अंतर) ०.२ असेल तर फीडचा वर्ग भागिले आठ पट रेडियस, म्हणजे खाच-उंचवट्याची उंची सुमारे ६ मायक्रॉन. फिनिश खराब येतं तेव्हा आधी फीड का कमी करतात, ते या एका ओळीत समजतं.

सीएनसीच्या खासगी कोर्सबद्दल एकच कसोटी: आठवड्याला खऱ्या मशिनवर, खऱ्या धातूत, एका मुलाच्या हाताला किती तास मिळतात? उत्तर सिम्युलेटर असेल तर पैसे घालू नका. कोर्सच करायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी करावा. तिथे टूलरूमचं खरं काम चालतं आणि मुलांना ते बघायला, करायला मिळतं. डाय आणि मोल्ड समजणारा माणूस गाडी पेट्रोलची असो की विजेची, दोन्हीकडे लागतो.

---

मोजमाप

स्पिंडल यांचाच बोअर पुढे नेतो, कारण क्वालिटीच्या मुलाखतीला नेमका इथूनच प्रश्न येतो.

बायोडेटावर सगळे 'एसपीसी, एमएसए, पीपॅप येते' (आकडेवारीने प्रक्रियेवर नियंत्रण, मोजमापाची तपासणी, पार्ट मंजुरीची कागदपत्रं) असं लिहितात. मग विचारलं जातं: या बोअरचा सीपी १.६७ आहे आणि सीपीके ०.८. काय झालंय? 'प्रोसेस खराब आहे' एवढंच उत्तर आलं की मुलाखत तिथेच थंडावते. बरोबर उत्तर: सीपी फक्त पसारा बघतो, सीपीके सरासरी मध्यावर आहे का हेही बघतो; म्हणजे मशिन उत्तम आहे, पसारा छोटा आहे, फक्त सरासरी सरकली आहे. आकड्यात सांगायचं तर सिग्मा (पसाऱ्याचं माप) सुमारे २.१ मायक्रॉन आणि सरासरी एका काठाकडे, समजा २५.००५ च्या आसपास बसली आहे, ती २५.०१० च्या जवळ आणा, म्हणजे वेअर ऑफसेटमध्ये ०.००५ चं काम. मशिनला हात लावायचा नाही, रिपेअरला पैसे मागायचे नाहीत. उलट सीपीच १ च्या खाली असता तर ऑफसेटने काही झालं नसतं. मग क्लॅम्पिंग, बोअरिंग बारची लांबी, स्पिंडलचं बेअरिंग हे तपासावं लागलं असतं. एवढा फरक ज्याला कळतो त्याला क्वालिटीत जागा आहे.

एमएसएमध्ये गेज आर अँड आर (एकूण फरकात मोजणीचाच वाटा) १० टक्क्यांच्या आत चांगला, १० ते ३० मध्ये कामाच्या महत्त्वानुसार, ३० च्या वर गेला तर ते मोजमाप वापरू नये. तुमच्याकडे तीन मुलं, दहा जॉब आणि एक बोअर गेज आहे ना? प्रत्येकाने प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, आधीचं वाचन न बघता. ९० आकडे मिळतात. एक्सेलमध्ये टाका. मुलाच्या हातात स्वतः केलेला अभ्यास येतो, आणि तो कागद मुलाखतीला नेता येतो. प्रमाणपत्रापेक्षा त्याचं वजन जास्त.

एफएमईएचं (काय बिघडू शकतं त्याच्या आगाऊ विश्लेषणाचं) एक सांभाळा. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहनउद्योग संघटना) पुस्तिकेपासून आरपीएनच्या (तीव्रता, वारंवारता, शोध या तीन गुणांच्या) गुणाकाराऐवजी 'ॲक्शन प्रायॉरिटी' आली. कॉलेजच्या नोट्समध्ये अजून तीन आकडे गुणून १०० च्या वर गेलं की कारवाई, असंच आढळतं. काही ग्राहक अजून जुनी पद्धत चालवतात, पण मुलाला दोन्ही माहीत असाव्यात. पीपॅपचे १८ घटक पाठ करून घेऊ नका. कंट्रोल प्लॅन, प्रोसेस फ्लो आणि एफएमईए या तिघांत ऑपरेशन नंबर एकच असावा लागतो आणि ऑडिटर तिथेच पकडतो, हे मात्र पक्कं समजावून सांगा.

---

तंत्रनिकेतन_६०

दोघांचेही मनापासून आभार. गेज आर अँड आर याच आठवड्यात सुरू करतो. आता विजेच्या गाड्यांबद्दल कोणी सांगेल का? पालकांची खरी भीती तीच आहे.

---

कॅन_बस

पालकांची भीती अर्धी खरी आहे. पार्ट कोणता, त्यावर सगळं आहे.

विजेच्या गाडीत पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, सायलेन्सर, क्लच हे काहीच नसतं. ज्या पुरवठादाराचा सगळा धंदा यातल्या एकाच पार्टवर आहे तिथे आज ऑर्डर भरपूर असल्या तरी पुढच्या पंधरा वर्षांची खात्री नाही. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट, बॉडी, व्हील बेअरिंग हे दोन्हीकडे लागतं. तेव्हा ऑफर आली की मुलाने पहिलं बघावं: ही कंपनी बनवते काय? कंपनीचं नाव किती मोठं आहे ते त्यानंतर.

गिअरचं उदाहरण मुद्दाम देतो. विजेच्या गाडीत गिअरबॉक्स जातो, असं सरसकट म्हणतात. पाच-सहा गतींचा जातो, पण मोटरला जोडलेला एका गतीचा रिडक्शन गिअर राहतो. आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे त्या गिअरची किणकिण थेट कानाला लागते. म्हणून दात जास्त बारकाईने ग्राइंड करावे लागतात. गिअरची संख्या कमी झाली, पण ग्राइंडिंग आणि मोजणी समजणाऱ्या माणसाची किंमत वाढली. मेकॅनिकल संपलं असं म्हणणाऱ्यांना हे एवढं सांगा.

बॅटरी पॅकच्या लाइनवरही निम्मं काम मेकॅनिकलचं आहे: बसबारचे (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळणं, थर्मल पेस्टची जाडी, गास्केट, लीक टेस्ट. बोल्ट सैल राहिला तर तिथला रोध वाढतो, सांधा तापतो, पुढे पॅक पेटू शकतो. म्हणून तिथे टॉर्कची प्रत्येक नोंद पॅकच्या क्रमांकासकट साठवतात. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, हे माहीत असावं. दुचाकी-तीनचाकीला एआयएस-१५६ आणि चारचाकी व मोठ्या गाड्यांना एआयएस-०३८ ही बॅटरी सुरक्षेची मानकं आहेत. २०२२-२३ मध्ये त्यांत कडक सुधारणा झाल्या आणि त्यानंतर टेस्टिंगचं काम बरंच वाढलं.

शिकवायचं काय? दोन दिवसांचा 'ईव्ही कोर्स' नको. तीन गोष्टी पुरेत.

एक: एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.२, सोळा सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट. मल्टिमीटरने प्रत्येक सेल मोजून तक्ता करायला लावा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा खाली असेल तर पूर्ण पॅक त्या सेलपाशी बंद पडतो, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि हे करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं, पाना इन्सुलेटेड वापरायचा. ५१ व्होल्टचा झटका मोठा नसतो, पण शॉर्टचा करंट धातू वितळवतो.

दोन: कॅन बस, म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची जोडणी. सप्लाय बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये रोध मोजा. ६० ओहम आला तर ठीक, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक (टर्मिनेशन) समांतर असतात. १२० आला तर एक टोक सुटलंय. ४० आला तर कुणीतरी तिसरा टर्मिनेशन लावलाय. सर्व्हिस सेंटरमधल्या कितीतरी 'कंट्रोलर खराब' तक्रारी या एका मोजणीत सुटतात.

तीन: मेंटेनन्ससाठी सेन्सर. तपकिरी तार २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी सिग्नल. पीएनपी सेन्सर सिग्नलला २४ देतो, एनपीएन सिग्नल शून्याला ओढतो. पीएनपीच्या जागी एनपीएन लावला की सेन्सरचा दिवा लागतो पण पीएलसीच्या (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटचा लागत नाही, आणि लाइन तासभर उभी राहते. इमर्जन्सी स्टॉप नेहमी एनसी (एरवी जोडलेला) का, हे विचारतातच: तार तुटली तरी मशिन थांबलं पाहिजे म्हणून.

माझ्या मते मेकॅनिकलच्या मुलाने विजेचं एवढं शिकून मेंटेनन्सला जाणं ही आजची सगळ्यात भक्कम वाट आहे. फक्त यांत्रिक किंवा फक्त विजेचं जाणणारे पुष्कळ मिळतात. सिलिंडरची सील आणि सॉलेनॉइडची तार दोन्ही बघू शकणारे कमी.

---

स्पिंडल

मेंटेनन्सबद्दल थोडा मतभेद. तिथे पहिलं वर्ष मुलाला फक्त ग्रीसिंग आणि चेकलिस्टवर ठेवतात. ब्रेकडाउनवर सोबत नेणारा वरिष्ठ नसेल तर तो काही शिकत नाही. मुलाखतीतच विचारून घ्यावं की ब्रेकडाउन कॉलला ट्रेनीला नेता का. बाकी सगळं मान्य.

---

हजेरीपट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, क्रमाने फरक पडतो, आणि मुलांना ते उशिरा कळतं.

नॅट्सच्या जाहिरातींत, विशेषतः सरकारी कंपन्यांच्या, अट असते की आधी अप्रेंटिसशिप केलेली नसावी आणि एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव नसावा. म्हणजे मुलगा आधी वर्षभर कंत्राटी राबला तर हे दार बंद. उलट अप्रेंटिसशिप आधी केली तर कंत्राटी नोकरी नंतरही मिळतेच. म्हणून दोन्ही पर्याय हातात असतील तर अप्रेंटिसशिप आधी.

पण ती नोकरी नाही, हे घरी स्पष्ट सांगा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. जागा भरपूर दिसतात त्याचं कारण हे, आणि वर्ष संपलं की नवी बॅच येते त्याचंही हेच. कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. २०१९ च्या नियमांत डिप्लोमाला किमान विद्यावेतन महिना ८,००० ठरलं होतं. आजचा किमान आकडा बघून घ्यावा, त्यापेक्षा कमी कबूल करू नये. अप्रेंटिसला पीएफ नसतो आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. शेवटी प्रवीणतेचं प्रमाणपत्र मिळतं, ते सोडून येऊ नये.

ओळखायचं कसं? खऱ्या अप्रेंटिसचा करार पोर्टलवर नोंदलेला असतो आणि त्याला क्रमांक असतो. खऱ्या कामगाराचा पीएफ कापला जातो आणि त्याला यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) मिळतो. करार पोर्टलवर नाही आणि पीएफही नाही, तर तो मुलगा कागदोपत्री कुठेच नाही. अपघात झाला तर त्याच्या हातात काही उरत नाही. प्रेस शॉपला जाणाऱ्या मुलांनी तर हे पहिल्या दिवशी बघावं.

आता २.४ लाखांचा सीटीसी फोडून दाखवतो, म्हणजे पालकांना हातातला आकडा कळेल. महिन्याला २०,००० धरा. मूळ वेतन १२,००० असेल तर कंपनीचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३ टक्के म्हणजे १,५६०, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे ५७७, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,०००. ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) कंपनीचे ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ५३०. हे सगळं सीटीसीतच धरलेलं असतं. राहिला ग्रॉस सुमारे १६,३३०. त्यातून मुलाचा पीएफ १,४४०, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १२३, व्यवसाय कर २००. हातात साडेचौदा हजार. मुलींना २५,००० पर्यंत व्यवसाय कर लागत नाही, तेवढे २०० वाचतात. कँटीन आणि बस यांची कपात यानंतर. चाकणला चौघांत खोली आणि मेस धरून घरी किती पाठवता येईल, ते पालकांसोबत बसूनच मांडा.

रुजू होण्याआधी पत्रात तीन गोष्टी शोधा: मालक म्हणून कोणाचं नाव आहे, मुदत किती, आणि कामाचं ठिकाण कुठलं. ठरावीक मुदतीची नेमणूक असेल तर नव्या श्रमसंहितांप्रमाणे एक वर्ष पूर्ण झाल्यावर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. आधी पाच वर्षांची अट होती. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या नमुन्याची पत्रं अजून फिरत आहेत. मूळ गुणपत्रकं जमा करून घेणाऱ्याला नाही म्हणा, प्रती द्या. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याशी बोलणंच थांबवा. दुसऱ्या महिन्यात यूएएनचं पासबुक उघडून पीएफ भरला आहे का बघा. कापला पण भरला नाही, असं ठेकेदारांकडे होतं. तेव्हा मूळ कंपनीच्या एचआरकडे लेखी द्यावं, कारण कंत्राटी माणसाच्या थकबाकीची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते.

---

बिडकीनकर

तिसऱ्या प्रश्नावर थोडक्यात. थांबू नये.

तिथल्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. करार, जमीन, बांधकाम, मशिन उभारणी, चाचणी आणि मग उत्पादन, असा हा क्रम कोणत्याही वाहनप्रकल्पाला काही वर्षं घेतो. भरतीही त्याच क्रमाने होते. आधी बांधकाम आणि विजेच्या उभारणीची माणसं, ती ठेकेदाराची. मग अनुभवी मेंटेनन्स आणि प्रॉडक्शन इंजिनिअरिंगवाले, ज्यांना जुन्या कारखान्यात प्रशिक्षणाला पाठवतात. फ्रेशर सगळ्यात शेवटी, उत्पादन सुरू व्हायच्या थोडं आधी. म्हणजे फ्रेशरच्या आधी जागा निघते ती दोन-तीन वर्षं काम केलेल्याला. आज वाळूजला किंवा चाकणला लागलेला मुलगा त्या वेळी नेमका पात्र झालेला असेल, घरी थांबलेला मात्र झालेला नसेल.

तळेगावचंही तसंच. जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेतला. इमारत तयार असूनही करारापासून उत्पादनापर्यंत दोन वर्षांच्या आसपास गेली. बिडकीनला तर रिकाम्या जमिनीपासून सुरुवात आहे.

---

मोजमाप

थेट द्वितीय वर्षाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ज्याचे गणिताचे विषय पक्के आहेत आणि घर तीन वर्षं थांबू शकतं, त्याने जरूर जावं. डिझाइन, सीएई (संगणकावरचं विश्लेषण), आर अँड डी यांत डिप्लोमावर वर चढणं अवघड आहे. पण कर्ज काढून, जिथे कार्यशाळा आणि प्लेसमेंट दोन्ही नाहीत अशा कॉलेजात फक्त पदवीच्या नावासाठी जाऊ नये. तीन वर्षांनी तोच मुलगा डिप्लोमाच्याच पगारावर चाकणला येतो, वर हप्ता असतो. अशांनी दोन वर्षं काम करून मग ठरवलं तरी उशीर होत नाही.

सरकारी नोकरीत मेकॅनिकलला राज्यात जागा कमी, स्थापत्यला जास्त. मेकॅनिकलसाठी रेल्वे बरी. आरआरबी जेईच्या (रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेच्या) दुसऱ्या टप्प्यात १५० पैकी १०० प्रश्न तांत्रिक असतात, त्यामुळे डिप्लोमाचा अभ्यास वाया जात नाही. सहायक लोको पायलटलाही डिप्लोमा चालतो. नोकरी करत तयारी करता येते, पण पाळी फिरती असेल तर रोजचे दोन तास कुठले, हे आधी ठरवावं लागतं.

---

तंत्रनिकेतन_६०

खूप मोलाची माहिती. दोन मुलं जर्मनीबद्दल विचारत आहेत. महाराष्ट्र सरकारचा बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार झाल्याचं त्यांनी वाचलंय.

---

हजेरीपट

करार आहे, २०२४ चा. पण भाषेशिवाय काही हलत नाही. व्हिसाची फाइल त्याहून कमी पातळीवर उभी राहिली तरी शॉप फ्लोअरवर टिकायला बी१ (मध्यम पातळीची जर्मन) लागते, म्हणजे रोज दोन तास धरून वर्षभराचा अभ्यास. शिवाय पात्रतेची मान्यता घ्यावी लागते. औद्योगिक ट्रेडसाठी न्युर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था अभ्यासक्रम तपासते. आपल्याकडे कारखान्यातला सराव कमी असल्याने बहुधा अर्धवट मान्यता मिळते आणि उरलेलं तिथे पूर्ण करावं लागतं. इथे केलेली अप्रेंटिसशिप त्यात उपयोगी पडते, म्हणून प्रत्येक कामाची नोंद, मशिनचं नाव, तास, सही-शिक्क्यासह ठेवायला सांगा. नंतर ते कागद मिळत नाहीत.

आखाताचं कोणी विचारलं तर: परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर आधी तपासावा.

---

तंत्रनिकेतन_६०

शेवटचा प्रश्न स्पिंडल आणि मोजमाप यांना. प्राचार्यांनी थोडा निधी मंजूर केलाय. आमच्याकडे एक जुना सीएनसी लेथ, ०-२५ चे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि एक डायल बोअर गेज आहे. रिंग गेज आहे पण तो कपाटात पडून आहे. आधी काय घेऊ?

---

स्पिंडल

नवीन मशिन नको. सीएनएमजी इन्सर्टचे दोन-तीन ग्रेड, एक चांगला बोअरिंग बार आणि एकाच व्यासाचं पुरेसं ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद) मटेरियल घ्या, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाच बोअर येतील. बार शक्य तितका कमी बाहेर काढून पकडा. पोलादी बार त्याच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर गेला की तो थरथरतो आणि बोअरमध्ये लाटा येतात. एकदा तो मुद्दाम जास्त बाहेर ठेवून मुलांना तो आवाज ऐकवा, पुन्हा विसरणार नाहीत. उरलेल्या पैशात कॅन_बस यांनी सांगितलेले दोन सेन्सर, एक पीएनपी आणि एक एनपीएन, आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा).

---

मोजमाप

त्याआधी रिंग गेज कपाटातून काढा. आतून गंज दिसतो का बघा, पेट्रोलने पुसून कोरडा करा आणि कॅलिब्रेशनला पाठवा. एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळा पुण्यात सहज मिळेल. प्रमाणपत्रावर रिंगचा खरा आकार लिहून येईल, समजा २५.००२. मग बोअर गेज शून्यावर न लावता त्या २ मायक्रॉनचा हिशोब धरून लावायला शिकवा. परत आल्यावर रिंग आणि जॉब निदान दोन तास एकाच टेबलावर ठेवा, मगच ९० वाचनं सुरू करा. रिंग हातात धरून ठेवायची नाही; तळहाताच्या उबेनेही ती सरकते.